पहिल्या नंबराची शाल

अध्यक्ष आत्मारामभाऊ तामोरे, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आणि घिवली, पाम, बोईसरहून कामधंदा टाकून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

गुरांच्या डॉक्टरची बदली झाली म्हणून कोणी मांडव घालतं का? तुम्ही घातलात. वर ही शाल. भाऊ आत्ताच म्हणाले, "डॉक्टरांच्या सोन्यानं मुंबईत पहिला नंबर काढला, त्याचाही हा सत्कार." टाळ्या झाल्या तेव्हा मी खाली बघत होतो. विनयानं नव्हे हो, शरमेनं.

सोन्या हा रेसचा घोडा. पाय अधू झाला तसा मालकाला नकोसा झाला, मी मागून आणला आणि पाय बरा केला. माझं खूळ असं, की जन्मभर पळालेल्या ह्या जनावराला ड्रेसाज शिकवायचं. म्हणजे पळायचं नाही. आखलेल्या चौकटीत, लगामाच्या इशाऱ्यावर, नव्या नवरीसारखं जपून पाऊल टाकायचं. आता चौकट आखायला जागा कुठली? साखरबाईंनी आपले वाळत घातलेले बोंबील हलवून किनाऱ्यावरची वाळू मोकळी करून दिली. आणि रोज तिथंच उभ्या राहून ओरडायच्या, "सोन्या, पल रं!" तो पळायचा, मी चिडायचो आणि सगळी घिवली हसायची.

मुंबईच्या स्पर्धेला तुम्ही लॉरी भरून आलात. तिथं सगळे गप्प बसलेले. टाळीसुद्धा शेवटी वाजवायची. सोन्या निम्म्यापर्यंत असा देखणा चालला, की काय सांगू! तेवढ्यात कुंपणाकडून तुमचा आवाज उठला, "सोन्या, पल रं!" मग काय विचारता? चौकटीबाहेर उडी आणि सगळ्या मैदानाला वळसा! पंचांनी घंटा वाजवली, आणि तुम्ही हार घेऊन धावलात.

मंडळी, ती घंटा पहिल्या नंबराची नव्हती. आम्हाला बाद केलं होतं. हे मी तिथं सांगितलं नाही, येताना लॉरीत सांगितलं नाही, आणि आज शालही घेतली.

काय म्हणता, साखरबाई? उभ्या राहून बोला, सगळ्यांना ऐकू दे.

"डाक्तर, आमाला ठाव हाय. कप दुसऱ्याला दिला, तो आमी काय बघितला नाय? आमी वरडलो मनून तुमचा खेल मोडला. तोंडानं सांगाया लाज वाटली, मनून शाल आनली."

अरे देवा! बसा, बाई, बसा.

आता राहिलेलंही सांगायलाच हवं. ते मी गिळून जाणार होतो. तुम्ही हार घेऊन धावत येत होतात, तेव्हा पंच माझ्याजवळ आले. त्यांनी विचारलं, "ही आरडाओरडा करणारी माणसं तुमच्याबरोबरची का?" मी म्हणालो, "नाही. असतील कुठली तरी."

घोड्यानं तुमचा आवाज ओळखला. मी ओळख दिली नाही.

ही शाल काढून ठेवतो, आत्मारामभाऊ. बाहेर झाडाखाली सोन्या बांधलाय, त्याच्या पाठीवर घाला. त्याला ती शोभेल. तुम्हा सर्वांचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानतो. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला, असं शेवटी सगळेच म्हणतात. माझं आज काही चुकलेलं नाही. त्या दिवशी मैदानात जे बोललो, ते चुकलं. तेवढं पोटात घाला.