कूलर बंद केल्याची शिक्षा

झोपलेल्या माणसाचे कान जागे असतात का हो? मला तरी आता पटलं आहे.

शेजारचे देवरावभाऊजी स्टील प्लांटात रोलिंग मिलवर आहेत. लागोपाठ तिसरी नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आले आणि पडल्या पडल्या झोपले. रात्री पुन्हा ड्यूटी होती. त्यांचा जुना कूलर असा खडखडत होता की मला माझ्या घरात ऐकू येत होता. बिचाऱ्यांची झोप मोडेल म्हणून मी हळूच जाऊन बटण बंद केलं. भाऊजी ताडकन उठून बसले.

"काय बिघडलं?"

"काही नाही. आवाज तेवढा बंद केला."

"कावून वहिनी? आवाज होता म्हणून तर झोपलो होतो! मिलचा आवाज थांबला का आमाले धावा लागते. तीस वर्षांपासून कानाले हेच शिकवून राहिलो."

मी घाईनं बटण दाबलं. कूलर काही सुरू होईना. भाऊजी लाल डोळ्यांनी पाहत राहिले.

"आता तुमीच बोला. थांबू नका."

मग मी त्यांच्या बायकोला, शोभाला, घेऊन दारात बसले आणि पार जुनवानी वस्तीपर्यंतच्या सगळ्या खबरा सांगितल्या. भाऊजी मस्त घोरत होते. चार वाजेपर्यंत माझा घसा बसला, पण मी श्वास घ्यायला थांबले की त्यांचा डोळा उघडायचा.