बावखल कुणाच्या वाडीत

नालासोपाऱ्याला गास गावच्या बसच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक मुलगी भल्यामोठ्या गोधडीची गुंडाळी धरून उभी होती. तिच्या पुढच्या बाई वळल्या.

“भाविका, हे काय गं?”

“आत्या, तू? आपल्या वाडीचा नकाशा आहे. जुन्या साड्यांचा शिवलाय. मुंबईत प्रदर्शनात लागणार आहे.”

“गोधडी भिंतीवर लावणार?”

“हो. हे टोक धर, दाखवते.”

“घरं कुठायत यात?”

“घरं नाहीत. नुसती झाडं आणि पाणी. ही केळी, ही पानवेल, हे निळं आपलं बावखल. मुंबईच्या लोकांना सांगावं लागेल, वाडी शिंपायचं तळं म्हणून.”

“ते तर कधीच बुजलं.”

“म्हणून तर शिवलं.”

“आणि ही लाल शिवण?”

“कुंपण. अलीकडे आम्ही, पलीकडे तू.”

“मग बावखल माझ्या बाजूला कसं?”

“बाबांनी सांगितलं तसं शिवलं.”

“तुझ्या बाबानं? अगं, त्यावरूनच तर आमचं बोलणं बंद झालं. तो म्हणायचा त्याचं, मी म्हणायचे माझं.”

“त्यांनी स्वतः पेन्सिलीने आखून दिलं. विमलाच्या वाडीत होतं, म्हणाले.”

“असं म्हणाला?”

“हो. का?”

“चुकीचं सांगितलंन त्यानं. मधोमध होतं ते. आम्ही दोघं एकाच रहाटाने पाणी काढायचो. कुंपण मागाहून घातलं.”

“आत्या, बस आली. टोक सोड.”

“सोडते. आधी ती लाल शिवण उसव.”