सुळेवाला हत्ती की बिनसुळ्यांचा?

...नाही नाही, तुम्हाला सांगतो, बुधवारी जन्माला येऊ नये माणसानं! सोमवारी या, शनिवारी या, रविवारी तर खुशाल या, सूर्य तुमचा, पॅगोड्याचा ईशान्य कोपरा तुमचा, जायचं, मूर्तीवर पाणी ओतायचं, घरी येऊन माशाच्या रश्शातल्या शेवयांचा मोहिंगा चापायचा, विषय संपला! पण बुधवार? आमच्या ब्रह्मदेशात बुधवार एक नाही हो, दोन आहेत! सकाळी जन्मलात तर ग्रह बुध, कोपरा दक्षिणेचा, हत्ती सुळेवाला. आणि भर दुपारचे बारा टळले की ग्रह राहू, कोपरा वायव्येचा, हत्ती बिनसुळ्यांचा! पाच मिनिटं इकडची तिकडे झाली की हत्तीचे सुळे गळतात, आता बोला!

आणि मी बुधाचा. म्हणजे... होतो. ऊ वाय ल्विन, पोस्टमन. चाळीस वर्षं पत्रं वाटली, एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. ताडपत्रावर माझी पत्रिका कोरलेली आहे, बुधवार, सकाळ, अकरा. सत्तर वर्षं पुरी व्हायला महिना राहिला होता आणि मी मोजणी करत बसलो होतो, वाढदिवसाला वयाहून एक पेला जास्त ओततात आमच्यात, म्हणजे एकाहत्तर. तर आमची आई, वय एकोणनव्वद, चिरूट ओढत ओढत सहज म्हणते, "तू झालास ना, तेव्हा स्टेशनच्या घड्याळात दीड वाजला होता."

दीड!

"दुपारचा?" मी म्हटलं.

"मग काय रात्रीचा? रेल्वेच्या चाळीत तर राहायचो आपण. खिडकीतून बघितलं मी."

आणि आमची बायको दॉ खिन, सोमवारची बरं का, चंद्राची, शांत ग्रह म्हणे, ती डाव घेऊन स्वयंपाकघरातून धावतच आली. "राहू! तरीच! ज्योतिषी म्हणाला होता, सोमवार-बुधवार म्हणजे दृष्ट लागेल असा जोडा. चव्वेचाळीस वर्षं मी विचार करतेय, मग हा माणूस असा का? राहू आहे हो! घरात राहू पोसलाय मी!"

हसू नका. हसायला काय जातंय तुमचं! आमच्यात नावसुद्धा वारावरून ठेवतात, म्हणजे नाव चुकलं, लग्न चुकलं, आणि सत्तर वर्षं मी परक्याच्या दारात पाणी ओततोय! रात्रंदिवस डोक्यात एकच, उद्या डोळे मिटले तर वर कुणाच्या रांगेत उभा राहू मी? खरंच घाबरलो होतो. तुम्हाला सांगतो, बुधवारी जन्माला येऊ नये माणसानं!

दुसऱ्या दिवशी गेलो गुपचूप वायव्येला. तिथे एक बाई, हातात फुलं, मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणते, "काका, नवीन वाटतं? रांग तिकडनं आहे."

"नवीन नाही बाई, सत्तर वर्षं जुना आहे, कळलंय काल."

"सगळे असंच म्हणतात. मागे व्हा."

आणि पलीकडून आमची बुधाची जुनी मंडळी बघतायत! "काय वाय ल्विन, पक्ष बदललास?" मी आपला मान खाली घालून पाणी ओततोय, आणि तो बिनसुळ्यांचा हत्ती माझ्याकडे असा बघतोय, जसं काही मी त्याच्याकडे उसनं मागायला आलोय.

शेवटी चहाच्या दुकानात थाउंग मास्तरांना गाठलं. भूगोल शिकवायचे. सगळं ऐकून म्हणाले, "गाढवा, तू जन्मलास तेव्हा राज्य कुणाचं होतं? जपान्यांचं! त्यांनी आल्या आल्या घड्याळं तोक्योप्रमाणे केली, अडीच तास पुढे! घड्याळात दीड म्हणजे सूर्य अकरावरच. तुझा बाप रेल्वेचा माणूस, त्यानं अडीच तास वजा करून ज्योतिषाला अकरा सांगितले. तू बुधाचाच!"

अहो, मास्तरांचे पाय धरायचेच बाकी होते! पण मास्तर थांबतायत थोडेच? किटली पुढे ओढली. "हा सूर्य." मग बोट ओलं करून साखरेचा एक कण उचलला. "ही पृथ्वी. बुध हिच्याहून बारीक, दिसणार नाही, आहे असं धर. आणि तुझा राहू, तो नाहीच! ग्रहणाला सावली पडते, तिला लोकांनी नाव दिलंय."

मी म्हटलं, "आणि मी कुठे यात?"

मास्तरांनी कण डोळ्याजवळ नेला, चष्मा पुसला, परत बघितलं. "तू दिसत नाहीस. ब्रह्मदेशही दिसत नाही." आणि बोलता बोलता बोट चाटलं! पृथ्वी चाटली हो, मी तिच्यावर असताना!

जाऊ दे, म्हटलं, चाटली तर चाटली, कोपरा तर मिळाला! धावत घरी आलो. "आई, अकराच! घड्याळ जपानी होतं, अडीच तास पुढे!"

आई म्हणाली, "पुढे? अरे, ते बंद होतं."

"बंद?"

"रेल्वेच्या पुलावर बॉम्ब पडले तेव्हापासून बंद. कधीही बघा, दीडच."

"मग बाबांनी वजाबाकी...?"

"केली असेल. हिशेबाला पक्के होते ते."

मी म्हटलं, "आई, आठव ना गं. सकाळ होती की दुपार? ऊन कुठे होतं?"

तिनं चिरूट बाजूला ठेवली. "विमानं येत होती. सगळे खंदकात पळाले, सुईणसुद्धा. मी एकटीच. तू बाहेर आलास आणि जो काही टाहो फोडलास! मला वाटलं, वर ऐकू जाणार. तुझ्या तोंडावर हात दाबून धरला. ऊन कोण बघतंय रे?"

मी तिची चिरूट उचलून परत तिच्या हातात दिली. पण चिरूट दिली म्हणून कोपरा मिळतो का? तुम्हाला सांगतो, बुधवारी जन्माला येऊ नये माणसानं!

मग वाढदिवसाला काय केलं? पस्तीस पेले बुधाला, पस्तीस राहूला! दक्षिणेकडून वायव्येकडे, भर उन्हात, तापलेल्या फरशीवर, अनवाणी, ह्या वयात उड्या मारत! छत्री धरून मागे दॉ खिन, सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघा हो बघा! लोकांचे ग्रह फिरतात, आमचे हे ग्रहांच्या मागे फिरतायत!" आणि उरला एक. एकाहत्तरावा. इकडून बुधवाले बघतायत, तिकडून राहूवाले बघतायत, ती फुलंवाली बाई तर कमरेवर हात ठेवून उभी! द्यायचा कुणाला? मी मधोमध उभा, तळपाय भाजतायत, हातात पेला...

तेवढ्यात सावलीतल्या खुर्चीतून आईची हाक, "अरे, तिथे काय उभा राहिलायस? घसा सुकला माझा! आण तो इकडे."

नेला. प्यायली. अख्खा प्यायली, बाहीनं तोंड पुसलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी आशीर्वाद देईल, सत्तराव्या वर्षी तरी काही चांगलं बोलेल...

म्हणाली, "कोमट आहे."