दाखल्याआधीचं दूध

घरच्याच माणसांनी घर अडवलेलं पाहिलंय कधी? मी पाहिलंय. जपानमध्ये, इचिकावातल्या आमच्या नव्या घराची शेवटची तपासणी होती. पास झाल्याचा दाखला मिळेपर्यंत तिथे राहायचं नाही, असा नियम. आणि भाड्याचा फ्लॅट रविवारी सोडायचा होता. आठवडाभर मला धड झोप नव्हती.

तपासनीस साहेब टेपने खोल्या मोजत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. मी दचकलेच. सासूबाईंनी मुहूर्त साधून छोट्या गॅसवर दूध उतू जाऊ दिलं होतं.

"राहायला आलात?" साहेबांनी विचारलं.

"नाही, नाही!" पुढचं जपानी मला आठवेचना.

सासूबाई म्हणाल्या, "सांग त्यांना, दूध उतू गेल्याशिवाय आम्हीही नव्या घरात राहत नाही."

मी कसंबसं सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. "म्हणजे तुमचीही तपासणी असते. झाली पास?"

"झाली!" माझ्या जिवात जीव आला.

"छान. आमची नाही होणार. जिन्याचा कठडा कुठे आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं.

"देव्हारा वर चढत नव्हता गं," तो म्हणाला, "म्हणून काल मीच कठडा काढला."