फोटो साफ आला व्हता

— न्हाई गं, सरकू नको, तुझा पाय लांबच राहू दे, मला एवढी जागा पुरती. पलस्तर हाय, दिसून राह्यलं मला. माझी लेक आत्ताच आत गेली, त्या एमआरआयच्या मशीनीत. ऐकू येतंय ना — ठक ठक, ठक ठक — भिंतीच्या आतून कुणी हातोडा मारावा तसं. मला म्हणले बाहेर बसा मावशी, आत मोबाइल चालत न्हाई, दागिना चालत न्हाई. आईबी चालत न्हाई म्हणा की सरळ. काय इचारलं? पायच. हिचाबी पायच. पडली न्हाई, मुरगळला न्हाई, गाडीनं ठोकलं न्हाई — नुसतं पळून पळून हाड चिरतं म्हणे. कुणाला सांगितलं तर खरं वाटत न्हाई. तू मान हलवून राह्यली — म्हणजे तुझंबी तेच? माय. मंग तुला सांगायला काय हरकत. नाव काय म्हणलीस? प्रियदर्शनी. चांगलं हाय.

आम्ही आष्टीचे, परतूरच्या पलीकडं. मी मालनबाई. आत गेली ती अक्षता, माझी थोरली, पोलीस भरतीचं करून राह्यली. मागच्या भरतीला गेल्ती — ग्राउंडला थोडक्यात राह्यली. आठशे मीटरमधी शेवटच्या वळणावर दोघीजणी पुढं निघून गेल्या, बस, तेवढंच. घरी आली, रडली न्हाई, बूट धुऊन पत्र्यावर वाळत टाकले आन दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला गेली. माझी तर छाती भरून आल्ती बघ. मी जल्मभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, वाकून वाकून. पोरगी ताठ उभी राहील, खाकी घालून, मंग गावातला कोणीबी तिच्याशी बोलायच्या आधी जरा इचार करील — हे माझ्या डोक्यात बसलं. तिच्याआधी माझ्या डोक्यात बसलं म्हण. गावात कल्याण सर हायेत, पोरींना पळायला शिकवतात. ते म्हणले हिची लेखी पक्की हाय, फक्त वजन उतरवलं पाहिजे, अंग हलकं झालं का टायमिंग आपोआप येतंय. झालं, तवापास्नं तिनं जिवाला आराम दिला न्हाई. विहारापासून कॅनॉलपर्यंत नवा सिमेंटचा रस्ता झालाय, त्याच्यावर सकाळी पळायची, संध्याकाळी पळायची. त्याच्यावरून नुसती बैलगाडी गेली तरी हादरा दाताला लागतो. पण तेव्हा कोण इचार करतंय — चांगला गुळगुळीत रस्ता, पोरीला काटा न्हाई, खड्डा न्हाई, मला बरंच वाटायचं.

पहिल्यांदा डावा पाय. आधी काय, पळून आली का चवड्यापाशी दुखायचं, बसली का राहायचं. मी म्हणले बूट चावला असंल. मंग पळतानाच दुखायला लागलं. मंग चालताना. मंग नुसती अंथरुणाला पाठ टेकली तरी ठणका — ती सांगायची न्हाई, पण कड बदलताना दात खायची ते मला ऐकू यायचं. तुझंबी असंच ना? असंच येतं हे, चोरपावलानं. मी तेल कोमट करून चोळायला बसले. सगळा पाय चोळू दिला, आन एका जागेवर अंगठा गेला तशी पोरगी उडालीच. एवढीशी जागा, बोटाच्या पेराएवढी. वरून जराशी सूज, बाकी लाल न्हाई, काळंनिळं न्हाई. परतूरला नेलं, एक्स-रेचा फोटो काढला, फोटो साफ. तिथले म्हणले शिर आखडली, गोळ्या घ्या. आता फोटो साफ आला म्हणल्यावर आम्ही काय करावं — सर म्हणले पळ, हिचे पप्पा म्हणले जमंल तेवढं पळ, मी म्हणले पळ. गोळी घ्यायची आन पळायची. एक दिवस तिला मैत्रिणींनी कॅनॉलवरून गाडीवर मधी धरून आणलं, तवा जालन्याला आलो, ह्याच डाक्टरसाहेबांकडं. त्यांनी पुन्हा फोटो काढला, तर त्याच हाडाभोवती धुक्यासारखं पांढरं. म्हणले पहिल्या फोटोच्या वक्ताला चीर केसाहून बारीक व्हती, फोटोत धरायला येत न्हाई. आता हाड स्वतःच स्वतःला लिंपून राह्यलं, म्हणून दिसायला लागलं. कुदळीचा दांडा बघा म्हणले — आतून चिरत जातो, वरून धडधाकट, आन एक दिवस हातातच मोडतो. मला लगेच समजलं. दांडा मोडताना मी पाह्यलाय.

तो पाय जुळला. घरी बसवली तिला. घरी बसली म्हणजे पळायचं बंद, बाकी डोकं कुठं बसतंय. पळत न्हाई तर खायचं कशाला म्हणायची. तशी तिची खायची हावच न्हाई बघ, लई समजूतदार लेकरू. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी अर्धी भाकर — तीबी मी समोर बसले तर. लग्नकार्यात पोरी जिलेबीवर तुटून पडतात, ही नुसतं वरणाचं पाणी पिऊन हात धुती. गावातल्या बाया म्हणायच्या, मालनबाई, पोरगी कशी शेवग्याच्या शेंगेवाणी करून ठेवली. मला अभिमान वाटायचा. उगं कशाला खोटं सांगू. पोट मारून मिळवणारी लेक सगळ्यांना थोडीच असती.

काय? — न्हाई, अशक्त न्हाई बिलकुल. अशक्त असती तर पळाली असती का? एकदा हापशावर चक्कर आली, पण ऊन व्हतं ते. केस गळतात, ते पाण्यानं, आमच्या बोअरचं पाणी लई क्षाराचं. आन थंडी तिला पहिल्यापास्नंच वाजती — म्हणजे पहिल्यापास्नं न्हाई, पण आता वाजती. परवा भर दुपारी, चैतातल्या उन्हात, चादर घेऊन बसली व्हती. मी म्हणले ताप आला का, तर अंग गार. गार म्हणजे कसं — माठाला हात लावावा तसं.

तर आता उजवा पाय. मागच्या वेळी चवड्यापाशी व्हतं, या टायमाला वरती, घोट्याच्या जरा पुढं, जिथं चप्पलचा पट्टा येतो तिथं. सूज न्हाई, काही न्हाई, तिला नीट जागाबी दाखवता येईना, म्हणायची आतमधी कुठं तरी, खोल. साहेबांनी अंगठ्यानं चाचपत चाचपत आणलं आन एका ठिकाणी दाबलं. तिनं माझं मनगट धरलं. मंग म्हणले, याच पायावर उभी राहा, आता एक उडी मार. पोरगी उभी राह्यली. उडी मारंना. भरतीच्या ग्राउंडवर वाऱ्यावाणी पळणारी माझी लेक, साधी एक उडी मारंना, माझ्याकडं अशी बघून राह्यली जशी मी काही सोडवणार हाय तिला. फोटो काढला. फोटो साफ. मला तर हायसं वाटलं, मी पदर सावरून उठलेसुद्धा. साहेब म्हणले बसा. मागच्या वेळीबी फोटो साफच आल्ता ना, म्हणले. हे मधलं हाड लई वंगाळ हाय, याला रक्त कमी पोचतं, हे जल्दी जुळत न्हाई. यात चीर असली आन पोरगी पळाली तर हाडाचे दोन भाग व्हतात, मंग ऑपरेशन, स्क्रू, आन मंगबी पाय पहिल्यासारखा व्हईल का न्हाई सांगता येत न्हाई. म्हणून ही मशीन. आन मंग त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली आन माझ्याकडं बिलकुल न बघता तिला इचारलं — “बेटा, तुझ्या वयाच्या मुलीची हाडं अशी एकामागं एक चिरत नाहीत. पळण्याशिवाय दुसरं काहीतरी आहे. पोटभर जेवतेस का? पाळी दर महिन्याला येते का?”

मी सांगितलं. मीच सांगितलं — जेवण बराबर हाय, पाळीबी बराबर येती. तिचं तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं. मंग काय करू? तिथं तो फोटो काढणारा उभा व्हता, दारात दोन गडी उभे, आन टेंभुर्णीच्या तिच्या आत्यानं, गिरिजाबाईनं, एक स्थळ काढून ठेवलंय. असली गोष्ट एकदा तोंडाबाहेर गेली की —

असली म्हणजे कसली? काही न्हाई. हळू बोल गं, ते काउंटरवरचे बघून राह्यले. काही न्हाई म्हणले ना. — बरं. आली न्हाई मधी. चार-पाच महिने आली नसंल. पळणाऱ्या पोरींना असंच व्हतं म्हणे, सरच्या अकॅडमीत अजून दोघीतिघींचं तसंच हाय, ते तर म्हणतात चांगलंच हाय, ग्राउंडच्या दिवशी अडचण न्हाई. मलाबी तेच वाटलं — झंझट न्हाई. आता त्याचा आन पायाच्या हाडाचा काय संबंध, तूच सांग. कुठं पोट, कुठं पाय.

हाय संबंध? कोण म्हणलं तुला? — ह्याच साहेबांनी? तुलाबी इचारलं व्हतं? आन तू खरं सांगितलं? तुझी आई काय म्हणली मंग — आई आल्ती का संग? न्हाई. एकटीच व्हतीस तू. म्हणून बोललीस.

हे बघ, तू लहान हायेस, तुला कळायचं न्हाई. ग्राउंडची तारीख आली, आता सगळा खेळ तेवढ्यावर हाय. सर म्हणलेत एक इंजेक्शन असतं, पायाच्या वर देतात, तेवढ्यापुरतं दुखत न्हाई. आठशे मीटर म्हणजे किती, मोजून चार मिनिटं. तेवढं पळून घेऊ दे, मंग मी तिला सहा महिने खाटंवरून खाली उतरू देणार न्हाई, तूप-भाकर चारीन, अंडी चारीन... अशी काय बघती माझ्याकडं? तू घेतलं व्हतं का? इंजेक्शन? — पळाली तू? — आन?

किती स्क्रू?

— न्हाई, तुझा फोटो नको दाखवू. झाक ते. झाक म्हणते ना. तुझं वेगळं, हिचं वेगळं. मशीनीत काही दिसणारबी न्हाई, बघ तू, साफच येईल ते. माझ्या पोटची पोरगी हाय, मला माहीत हाय तिचं सगळं, उठणं-बसणं, काय खाती, काय लपवती. पिठाच्या डब्यामागं भाकरी सापडल्या व्हत्या मला, वाळून कडंग झालेल्या. उचलून शेळीला घातल्या. म्हणले राहू दे, जिद्द हाय पोरीची. जिद्द हाय म्हणले मी.

ऐक — बंद झालं. ठक ठक बंद झालं.

आली. ये गं बाई, सावकाश, माझ्या खांद्यावर भार दे. भीती वाटली का? आत लई गार व्हतं? हात बघू — बर्फ झाला. बस इथं. ही प्रियदर्शनी, हिचंबी पळण्याचंच हाय. आम्ही आपलं असंच, पिकापाण्याचं, इकडचं तिकडचं बोलून राह्यलो — प्रियदर्शनी, तिला काही इचारू नको. दमलीय ती. म्हणले ना, इचारू नको. अक्षता, तू सांगायची गरज न्हाई, मी सांगितलंय साहेबाला बराबर हाय म्हणून, चार-पाच महिन्यांचं काय एवढं —

काय म्हणली?

पुन्हा म्हण. मागच्या भरतीच्या आधीपास्नं? डावा पाय दुखायच्याबी आधीपास्नं? मंग दर महिन्याला जे दुकानातून पुडकं आणायची ते — ते कशाला आणायची? मला दाखवायला. मी इचारू नये म्हणून.

मला वाटलं मला माहीत हाय.

हां साहेब. आलो, आलो आत. झाला का रिपोर्ट? — बरं, बसून बोलू म्हणता. उठ अक्षता. प्रियदर्शनी, तू जा आता, तुझा नंबर आला असंल, जा. साहेब, तेवढं त्या माणसाला बाहेर जायला सांगा. आन दार लावा. तुम्ही मघाशी तिला काही इचारलं व्हतं, ते पुन्हा इचारा. तिलाच इचारा. मी या टायमाला मधी बोलणार न्हाई.