चौथं केंद्र वगळून

ताई : मग औषधचाचणीच्या चौथ्या केंद्राचे पेशंट गेले कुठे? हवेत विरले?

धाकटी : माझ्यावर डोळे कशाला वटारतेस? डेटा शाबूत आहे. अहवालात तेवढे आले नाहीत.

ताई : तेवढे! या औषधानं यकृत बिघडलेले पेशंट जवळजवळ सगळे त्याच केंद्रातले. ते गळले की औषध एकदम निर्धोक. आणि केंद्र कुणाचं? तुझ्या नवऱ्याचं.

धाकटी : सरळ म्हण ना, मी केलं म्हणून.

ताई : म्हणत नाही, विचारतेय. अहवाल आज माझ्या सहीनं जाणार होता. सख्खी बहीण म्हणून मीच तुला इथे चिकटवलं, हे सगळं ऑफिस जाणतं. प्रोग्राम चालवताना काय केलंस?

धाकटी : रोजचंच. पडद्यावर चौकट आली, 'कोणतं केंद्र वगळायचं?' तिथे टाकलेलं उत्तर मॅक्रो व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या एका डबीत, जातं आणि प्रोग्रामात जिथे जिथे त्याचं नाव आहे तिथे तिथे जाऊन बसतं...

ताई : मला नको शिकवूस. तू काय टाकलंस?

धाकटी : काही नाही. मोकळं सोडून एंटर मारलं.

ताई : मग चार आकडा आला कुठून? आभाळातून पडला?

धाकटी : मोकळं सोडलं की आधीचं उत्तर कायम राहतं. तुझीच फर्माईश! 'दरवेळी तेच काय टाइप करायला लावतेस' म्हणून माझं डोकं खाल्लं होतंस.

ताई : बरं, माझी. पण आधीचं उत्तर म्हणजे कुणाचं?

धाकटी : कुणाचंच नसायला हवं. सकाळी सॉफ्टवेअर नव्यानं उघडलं की सगळं पुसलेलं असतं. म्हणून तर मी निर्धास्त होते.

ताई : म्हणजे सकाळनंतर कुणीतरी चार टाकून प्रोग्राम एकदा चालवला. तुझ्याच संगणकावर. खुर्ची सोडली होतीस?

धाकटी : दुपारी. चहा आणायला.

ताई : एकटीसाठी?

धाकटी : दोघांसाठी. हा आला होता, घराची किल्ली न्यायला.

ताई : तुझे डॉक्टर? आणि बसले कुठे होते?

धाकटी : ताई, उगाच संशय घेऊ नकोस हं. माझ्या खुर्चीत बसला म्हणून काय झालं?

ताई : खरंच, काय झालं? त्यांना साधा प्रिंटर चालवता येत नाही. चौकट, व्हेरिएबल, त्यांना कुठलं कळायला!

(धाकटी ताईसमोरचा अहवाल ओढून घेते.)

ताई : अगं, हे काय?

धाकटी : अहवाल पाठवू नकोस.

ताई : नाहीच पाठवत. पण तू बोल.

धाकटी : त्याला कळतं. रविवारी मीच सांगितलं, कागदावर चौकट काढून. मोकळं सोडलं तर काय होतं, तेसुद्धा.

ताई : अगं, पण कशासाठी?

धाकटी : त्यानं विचारलं म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामातलं त्यानं पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. मी किती हरखले होते, ताई.