वेळेआधी सुटलेल्या बोटीबाबत पत्नीचा जबाब

जबाब देणार : टेलिफोन एक्सचेंजमधील सेवानिवृत्त ऑपरेटर, स्त्री, वय ६३ वर्षे. नाव व कायमचा पत्ता पतीच्या तक्रारीत आहे तोच. सध्या राहणार : प्रवासी बोट, सातवा मजला, खोली क्रमांक ७११८. बोट निघून गेल्यामुळे आत्ता राहणार : या ठाण्यातील लाकडी खुर्ची.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, माझे पती, वय ६६, बस आगारात चौतीस वर्षे वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कोणती गाडी किती वाजता सुटली आणि का उशिरा सुटली, हे लिहिण्याचे काम. आज दुपारी त्यांनी या ठाण्यात तक्रार दिली की, बोट वेळेआधी सोडण्यात आली व धक्क्याच्या फाटकावरील पहारेकरी बाईंनी आम्हाला सावध केले नाही. तक्रारीत साक्षीदार म्हणून माझे नाव आहे. ते मला न विचारता घातले आहे. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. तक्रारदार आत्ता बाहेरच्या बाकावर बसले आहेत.

बोटीची ही सहल अकरा दिवसांची असून वाटेत पाच बंदरे आहेत. पतीने तिची आखणी दोन वर्षे केली. प्रत्येक बंदरासाठी स्वतंत्र तक्ता, पट्टीने रेघा मारून. बोटीवाल्यांची स्वतःची फिरवून आणणारी बस असते. तिला उशीर झाला तर बोट थांबते, आपले आपण गेलो तर थांबत नाही, हे माहितीपत्रकात छापलेले आहे. ते वाचून पती म्हणाले, "थांबणाऱ्या गाडीवर माझा विश्वास नाही." म्हणून आम्ही आपले आपण गेलो.

पहिल्या बंदरावर सात तासांत अकरा ठिकाणे पाहिली. तक्त्यात "समुद्र पाहणे, ५ मिनिटे" अशी नोंद होती. तोवर आम्ही तीन दिवस समुद्रावरच होतो. दुसऱ्या बंदरावर "विश्रांती, ४ मिनिटे" होती, ती उभ्याने झाली. तिसऱ्या बंदरावर काय पाहिले ते मला आठवत नाही, त्यांच्या शर्टाची पाठ आठवते. मी त्यांना म्हटले, "अहो, ही सहल आहे की भरारी पथक?" त्यावर ते म्हणाले, "पैसे भरलेत अगं, बघायला नको?"

आज चौथे बंदर. सकाळी खोलीतल्या कर्ण्यावर सूचना झाली की, बंदरावरची घड्याळे बोटीच्या घड्याळापेक्षा एक तास मागे आहेत. प्रवाशांनी आपली घड्याळे बदलू नयेत. बोटीच्या घड्याळाप्रमाणे साडेतीनला परत चढावे, चारला बोट सुटेल. पती तेव्हा आजच्या तक्त्यावर वाकलेले होते. साडेतीन आणि चार या वेळा तक्त्यात आधीच होत्या, पण घड्याळांची सूचना त्यांच्या कानावर गेली नाही. माझ्या कानावर गेली. सव्वीस वर्षे खरखरीतून आवाज वेगळा काढण्याचा पगार घेतला आहे. फाटकातून बाहेर पडताना पहारेकरी बाईंनी हीच सूचना लिहिलेली पाटी बोटाने दाखवली. पती पुढे गेले होते. मी मान हलवली. सबब त्या बाईंचा काडीइतका दोष नाही, हे प्रथम लिहून घ्यावे.

त्यानंतर आम्ही बस स्थानकावर गेलो. हे ठिकाण कुठल्याही माहितीपत्रकात नाही, पण तक्त्यात ते दुसऱ्या क्रमांकावर होते, वीस मिनिटे. तेथे मोठे गोल घड्याळ आहे. परक्या आगारात शिरले की तिथल्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवायचे, ही पतीची नोकरीतली सवय. त्यांच्या घड्याळात दहा वीस होते, भिंतीवर नऊ वीस. पती म्हणाले, "माझंच पुढे गेलं वाटतं. आगाराचं घड्याळ चुकत नसतं." आणि त्यांनी काटे मागे फिरवले. बायकोचे कधी एक ऐकले नाही, पण भिंतीवरच्या घड्याळापुढे लगेच पडते घेतले.

मी त्याच वेळी का सांगितले नाही, असे विचारले असता सांगते की, तेव्हा तेथील नियंत्रक खिडकीतून बाहेर आले होते व दोघांचे, गाडी वळवायला किती जागा लागते यावर बोलणे चालू होते. पती हसत होते. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे आठ वर्षांत, मी त्यांना इतके हसताना पाहिले नव्हते. म्हटले, सावकाश सांगू, दिवस पडलाय.

तेथून तक्त्यातली पुढची ठिकाणे उरकून दीपगृहाकडे निघालो. वाटेत, जुन्या होड्या रंगवतात त्या आवाराशेजारी, माझ्या गुडघ्याने जवाब दिला. मी बाकावर बसले व म्हटले, "तुम्ही जाऊन या. मी इथेच आहे, कुणी उचलून नेणार नाही." पती दहा पावले गेले, उभे राहिले आणि परत आले. म्हणाले, "एकट्यानं दीपगृह बघून सांगू कुणाला?" मी म्हटले, "मलाच सांगा की." ते म्हणाले, "मग बसतोच." त्यांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या घड्याळात तेव्हा बारा दहा झाले होते.

आम्ही पाव, उकडलेली अंडी व एक संत्रे खाल्ले. संत्रे त्यांनी सोलले. समोर एक रंगारी होडीला निळा हात देत होता. मग पतीने विचारले, "तू एक्सचेंजमध्ये नक्की काय करायचीस गं?"

येथे अंमलदारांच्या माहितीसाठी सांगते की, आमच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. ते पहाटे चारला पहिली गाडी सोडायला जात, मी रात्रपाळी करून सहाला येई. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असे. संध्याकाळी भेट झाली की मुलीची शाळा, दूध, गॅस इतके बोलणे होई. पगार किती, हे त्यांना माहीत होते. काम काय, हे त्यांनी विचारले नव्हते. मीही सांगितले नव्हते. हा आरोप नाही. वेळ नव्हता.

मी सांगितले. जोडणीचा फळा कसा असे, त्यात दोऱ्या कशा खुपसायच्या, परगावचा ट्रंक कॉल कसा जोडायचा. एक गृहस्थ दर रविवारी आईला फोन लावत. दोघेही फारसे बोलत नसत, नुसती खोकल्याची चौकशी. मग दोन्हीकडे गप्प. "तीन मिनिटे झाली" असे सांगून पुढची जोडणी द्यायची, हा नियम. त्या दोघांच्या वेळी मी सांगायला थोडा उशीर करी. पतीने विचारले, "किती उशीर?" मी म्हटले, "मिनिटभर." ते म्हणाले, "लिहायचीस का?" मी म्हटले, "नाही." त्यावर ते म्हणाले, "बरं करायचीस." चौतीस वर्षे ज्यांनी अर्ध्या मिनिटाचा उशीर लाल शाईने लिहिला, त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. जसेच्या तसे लिहावेत.

मग ते विचारत गेले. एखादी बाई रडायला लागली तर काय करायचीस? कुणी तुला शिव्या द्यायचे का? तुझं नाव कुणी विचारायचं का? मी सांगत गेले. त्यांच्या मनगटावर दीड वाजला, म्हणजे बोटीवर अडीच. मला ठाऊक होते. दोन वाजले, तेही ठाऊक होते. अडीच वाजले तेव्हा बोटीवर चढायची वेळ संपली होती. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते, एक पाय बाकावर घेऊन, तरण्या मुलासारखे.

लोकांना "वेळ झाली" असे सांगणे, हीच माझी सव्वीस वर्षांची नोकरी. आज मी ते सांगितले नाही.

आम्ही त्यांच्या घड्याळाप्रमाणे तीन पाचला धक्क्यावर आलो. पतीच्या हिशेबाने पंचवीस मिनिटे आधी. बोट धक्क्यापासून चार बसगाड्यांच्या लांबीइतकी लांब गेली होती. त्यांनी बोटीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, ते कानाला लावले. म्हणाले, "वेळेआधी सोडली. उशिरा सोडली तर लोक शिव्या देतात, पण निदान गाडीत तरी असतात. वेळेआधी सोडणं हा गुन्हा आहे." ते रागावलेले नव्हते. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांच्या हातून आजवर एकही गाडी चुकली नाही, स्वतःची तर नाहीच. मी तेव्हाही बोलले नाही. ते तडक येथे आले व सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली.

मी खोटी साक्ष दिली तर त्यांचा मान राहील. पण पहारेकरी बाईंची नोकरी जाईल, आणि आज त्यांनी मला जे विचारले, त्याच्या शेजारी मला खोटे ठेवायचे नाही. तरी नोंद करावी की, पतीचे घड्याळ या गावापुरते अगदी बरोबर होते. बोट वेळेवर सुटली. चूक माझ्याकडून, जाणूनबुजून, सुमारे दोन तास वीस मिनिटे झाली आहे. तिचा मला पश्चात्ताप आहे का, असे विचारले असता, पुढचा प्रश्न घ्यावा, असे मी सांगितले.

आमची पारपत्रे बोटीवाल्यांनी बंदर कचेरीत ठेवली असल्याचे कळले. उद्या बसने पुढच्या बंदरावर जाऊन बोट गाठता येईल. तक्रार मागे घ्यायची की नाही, ते तक्रारदारांनी ठरवावे.

हे सर्व मला त्यांना समोर बसून सांगता आले नाही. त्यांना आगारातल्या इंजिनांच्या आवाजामुळे कमी ऐकू येते. म्हणून जबाब वाचून दाखवायचा असतो तो दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. वाचताना बाकाचा मजकूर आला तेव्हा तक्रारदार उठून दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या सांगण्यावरून तेवढा मजकूर पुन्हा एकदा वाचण्यात आला. माझा जबाब मी सांगितला तसाच लिहिला असून पहिल्यांदा वाचला तेव्हा खरा व बरोबर होता, आणि दुसऱ्यांदाही आहे.